परतीचे तिकीट: काउंटरवर काय मागतात आणि काय चालते

प्रश्न असा आहे: "मुलगी नवी नोकरी सुरू होण्याआधी दोन-अडीच महिने एकटी आग्नेय आशियात फिरणार आहे. मुंबई ते बाली एकेरी तिकीट काढलंय. पुढचं पक्कं नाही. मलेशिया, तिथून बसने किंवा रेल्वेने थायलंड, मग बँकॉकहून घरी, असा विचार आहे. एक जण म्हणाले, परतीचं तिकीट नसेल तर विमानात बसूच देत नाहीत. दुसरे म्हणाले, काही शे रुपयांत डमी तिकीट मिळतं, ते दाखवायचं. खरं काय?"

पहिल्यांचं बरंचसं बरोबर आहे. दुसऱ्यांचं ऐकू नका. का ते नीट सांगते, कारण ही गोष्ट कळली की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. मी आधी सहार विमानतळावर चेक-इनला होते, आता तिकिटांचं काम करते, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

लोकांना वाटतं, परतीचं तिकीट तिकडचा इमिग्रेशन अधिकारी मागतो. तो मागतोही कधीकधी. पण खरी तपासणी मुंबईतच होते, बॅग पट्ट्यावर ठेवायच्या आधी. चेक-इनची मुलगी तुमचा पासपोर्ट हातात घेते आणि तुमचं नागरिकत्व, जायचा देश, राहायचे दिवस हे सगळं टिमॅटिक नावाच्या यंत्रणेत पाहते. ही आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची माहितीसूची आहे. कोणत्या देशाला कोणत्या पासपोर्टवर काय लागतं ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे 'परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट आवश्यक' असं आलं, की त्या मुलीला ते तिकीट पाहावंच लागतं. तुमची मुलगी चांगल्या घरची आहे, सुशिक्षित आहे, बँकेत पैसे आहेत, या गोष्टी त्या पडद्यावर कुठेच नसतात.

कंपनी एवढी काटेकोर असते, कारण चूक झाली तर भुर्दंड तिला पडतो. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे १९४४ च्या शिकागो कराराच्या, नवव्या परिशिष्टानुसार, प्रवाशाकडे पोहोचण्याच्या आणि वाटेतल्या देशांना लागणारी कागदपत्रं आहेत याची खबरदारी विमान कंपनीने प्रवास सुरू होतो तिथेच घ्यायची असते. प्रवाशाला तिकडे प्रवेश नाकारला, तर त्याला परत न्यायची जबाबदारी तिच्यावर येते. धंद्यात अशा प्रवाशाला 'इनॅड' म्हणतात. वर बरेच देश दंड लावतात. आपला देशही त्याला अपवाद नाही. भारतात कागदपत्रांविना परदेशी प्रवासी आणला, तर २००० च्या कायद्यात माणशी एक लाख रुपये दंड होता. २०२५ च्या नव्या इमिग्रेशन कायद्याने तो पाच लाखांपर्यंत नेला. त्यामुळे काउंटरवरची मुलगी 'नाही' म्हणते तेव्हा तिला तुमच्यावर राग नसतो. तिच्या हातून गेलेल्या प्रवाशाचा जाब उद्या तिलाच द्यावा लागणार असतो.

आता बाली. भारतीयांना इंडोनेशियात पोहोचल्यावर व्हिसा मिळतो, आधी ऑनलाइनही काढता येतो. शुल्क पाच लाख रुपिया, मुदत ३० दिवस, आणि तो एकदा आणखी ३० दिवसांनी वाढवता येतो. अटी दोन: पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा, आणि देशाबाहेर जाणारं तिकीट हवं. तुमच्या मुलीला हे तिकीट मुंबईतच विचारलं जाणार, हे गृहीत धरा. एखादी मैत्रीण म्हणेल, 'मला कुणी विचारलं नाही.' नसेल विचारलं. गर्दीच्या वेळी राहून जातं. पण राहून जाईल या भरवशावर अडीच महिन्यांची सहल टांगू नका.

हे तिकीट कसं असावं, इथेच बहुतेकांची गफलत होते.

ते मुंबईचंच असलं पाहिजे असं नाही. त्या देशाबाहेर नेणारं असलं पाहिजे. बाली ते क्वालालंपूर चालतं. बाली ते जकार्ता चालत नाही, कारण ते देशातल्या देशातच आहे. तुमच्या बेतात आणखी एक पेच आहे. मुलीकडे बँकॉक–मुंबई तिकीट आहे असं समजा. ते दाखवून ती म्हणणार, 'मी घरीच परत येणार आहे ना.' खरं आहे, पण ती इंडोनेशियातून बाहेर कशी पडणार, हे त्या तिकिटावरून दिसत नाही. एखादा सुपरवायझर मान्य करेल, दुसरा करणार नाही. साखळीचा पहिला दुवा, म्हणजे इंडोनेशियातून निघण्याचं तिकीट, हातात असायला हवं.

दुसरं म्हणजे तारीख. तिकीट व्हिसाच्या मुदतीच्या आतलं हवं. पोहोचल्याचा दिवस पहिला दिवस धरतात. रात्री निघणारं विमान दुसऱ्या दिवशी उतरतं, म्हणून मोजणी निघण्याच्या तारखेपासून करू नका, उतरण्याच्या तारखेपासून करा. 'आम्ही व्हिसा वाढवून घेणार आहोत, म्हणून ४५ दिवसांनंतरचं तिकीट काढलंय,' हे स्पष्टीकरण काउंटरवर टिकत नाही. वाढीव ३० दिवस अजून मिळालेलेच नाहीत. पहिल्या ३० दिवसांच्या आतलं तिकीट काढा आणि तिकडे मुदत वाढली की तारीख बदला.

तिसरी गोष्ट भारतीय पासपोर्टवाल्यांनी विशेष लक्षात ठेवायची. ज्या देशाचं पुढचं तिकीट दाखवता, तिथे जायचा हक्क तुमच्याकडे असला पाहिजे. परदेशी भटक्यांचे सल्ले वाचून आपली मुलं बाली–सिंगापूरचं स्वस्त तिकीट काढतात. जर्मन माणसाला सिंगापूरचा व्हिसा लागत नाही, आपल्याला लागतो. मग काउंटरवर पुढचा प्रश्न येतो, 'सिंगापूरचा व्हिसा दाखवा.' तो नसला की ते तिकीट असून नसल्यासारखं. म्हणून मी क्वालालंपूर सुचवते. १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीयांना ३० दिवस व्हिसाविना प्रवेश दिला आहे आणि ती सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. फक्त पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत त्यांचं डिजिटल प्रवेशपत्र ऑनलाइन भरावं लागतं.

आणि नाव. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. आपल्याकडे पासपोर्टच्या पहिल्या रकान्यात आडनाव असतं आणि दुसऱ्यात स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. मुंबईचं तिकीट एका पद्धतीने आणि पुढचं दुसऱ्या पद्धतीने काढलं, की दोन्ही एकाच व्यक्तीची आहेत हे पटवत बसावं लागतं. दोन्ही तिकिटं पासपोर्ट समोर ठेवून, अक्षर न् अक्षर जुळवून काढा.

आता डमी तिकिटाकडे येते. याबद्दल मला कळकळीने बोलायचंय, कारण यात भरडली जाणारी बहुतेक पोरं विशी-पंचविशीतली असतात.

या नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे होल्डवरचं बुकिंग. एजंट खऱ्या विमानात खरी जागा धरतो, सहा अक्षरांचा पीएनआर मिळतो, पण पैसे भरलेले नसतात, म्हणून तिकीट निघालेलं नसतं. दिलेली मुदत संपली की जागा आपोआप सुटते. दुसरी गोष्ट म्हणजे संगणकावर जुळवलेली पीडीएफ. तिच्यामागे कुठलंच बुकिंग नसतं. ती सरळसरळ बनावट आहे. तशी पीडीएफ अधिकाऱ्यासमोर खरी म्हणून ठेवणं हा गुन्हा आहे, आपल्याकडेही आणि तिकडेही. मग प्रवास थांबतोच, शिवाय तिकडे प्रवेश नाकारला गेला, तर पुढे अनेक व्हिसा अर्जांवर 'कधी प्रवेश नाकारला होता का' या रकान्यात ते लिहावं लागतं.

होल्डवरचं बुकिंग आलं कुठून, तेही समजून घ्या. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाच्या, अर्जात प्रवासाचं आरक्षण जोडावं लागतं, आणि व्हिसा मिळेपर्यंत पूर्ण पैसे भरून तिकीट काढू नका असं अनेक वकिलातीच सांगतात. तिथे आरक्षण दाखवणं हा मान्य आणि रास्त मार्ग आहे. आमच्यासारखे एजंट तशी आरक्षणं रोज काढून देतात. घोळ होतो तो व्हिसाच्या फाइलला चालणारी गोष्ट विमानतळावर चालेल असं समजल्यामुळे. वकिलातीला तुमचा बेत पाहायचा असतो. काउंटरला निघालेलं तिकीट पाहायचं असतं.

आणि काउंटरला ते कळतं. पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या ई-तिकिटावर तेरा आकडी क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन आकडे कंपनीची ओळख असतात: एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६. पीएनआर आहे पण हा क्रमांक नाही, म्हणजे तिकीट निघालेलं नाही, हे चेक-इनच्या माणसाला एका नजरेत दिसतं. स्वस्त सेवेच्या काही कंपन्यांत असा क्रमांक नसतो, तिथे पीएनआर आणि 'कन्फर्म्ड' अशी स्थिती पाहतात. शंका आली तर तो पीएनआर आणि आडनाव त्या कंपनीच्या साइटवर टाकून पाहायला अर्धा मिनिट लागतो. होल्ड आदल्या रात्रीच सुटलेला असला, तर तिथे 'बुकिंग सापडत नाही' असं येतं. त्या क्षणी पोरीच्या हातात काय उरतं, याचा विचार करा.

मग तुमच्या मुलीने काय करावं? माझा सल्ला साधा आहे: बाली ते क्वालालंपूर खरं, पैसे भरलेलं तिकीट काढायचं. या मार्गावर स्वस्त कंपन्यांची विमानं भरपूर आहेत आणि आधी काढलं तर भाडं बरंच कमी असतं. अनेक जण इथे परताव्याचं महागडं तिकीट घेतात. मला ते दर वेळी पटत नाही. परतावा खात्यात यायला वेळ लागतो, आणि परतावा मिळणारं तिकीट इतकं महाग असतं की स्वस्त तिकीट वाया गेलं तरी नुकसान कमीच. मुलगी मलेशियाला जाणारच आहे, तर तारीख बदलता येईल असं तिकीट घ्या, काही वाया जाणार नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. 'नॉन-रिफंडेबल' तिकीट रद्द केलं तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत द्यावेत, असा आपल्या डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम आहे. भारतातून निघणाऱ्या किंवा भारतात येणाऱ्या तिकिटाचा बेत बदलला, तर ते तसंच सोडून देऊ नका, विमान सुटायच्या आधी रद्द करा. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांसाठी तिथल्या परिवहन खात्याचा वेगळा नियम आहे: प्रवासाच्या किमान सात दिवस आधी कंपनीकडून थेट काढलेलं तिकीट २४ तासांत रद्द केलं, तर पूर्ण पैसे परत मिळतात, नाहीतर कंपनीने तेवढाच वेळ पैसे न घेता जागा त्याच भाड्यात धरून ठेवायची.

आता जरा पुढचं बघू, कारण खरा पेच मुंबईत संपत नाही. बालीच्या विमानतळावर क्वालालंपूरच्या विमानासाठी ती उभी राहील, तेव्हा तिथली मुलगी हाच प्रश्न पुन्हा विचारेल, आता मलेशियाबद्दल: तिथून बाहेर कशी जाणार? प्रत्येक विमानाला हे नव्याने घडतं. जमिनीवरून सीमा ओलांडायची असेल तर गोष्ट नाजूक होते. क्वालालंपूरहून थायलंडच्या हात याईला जाणाऱ्या बसचं तिकीट दाखवता येतं, पण बस किंवा रेल्वेचं तिकीट स्वीकारायचं की नाही, हे पुष्कळदा त्या कंपनीच्या धोरणावर आणि ड्युटीवरच्या माणसावर ठरतं. मलेशियाच्या रेल्वेचं तिकीट तर पाडांग बेसारपर्यंतचंच असतं. ते सीमेवरचं स्टेशन आहे, म्हणजे कागदावर प्रवास मलेशियातच संपतो. म्हणून मी सांगेन, क्वालालंपूरहून बाहेर पडणारं एक खरं विमान तिकीटही हाताशी ठेवा, तारीख बदलता येणारं. तो खर्च वाढतो खरा, पण परक्या विमानतळावर एकट्या मुलीला घाईघाईत निर्णय घ्यायला लागू नये.

जमिनीवरून थायलंडमध्ये शिरताना विमान कंपनी मध्ये नसते, तिथे थेट इमिग्रेशन अधिकारी असतो. त्याच्यापुढे बँकॉक–मुंबई तिकीट अगदी योग्य कागद आहे. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना ३० दिवसांची सूट दिली, १५ जुलै २०२४ पासून ६० दिवसांची केली, आणि १ मे २०२५ पासून डिजिटल आगमनपत्र सक्तीचं केलं. इतक्या झपाट्याने बदलणाऱ्या देशाचे नियम तिकीट काढताना पाहून भागत नाही, निघायच्या आठवड्यात पुन्हा पाहायचे. कुठे? त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर, आणि आयाटाच्या ट्रॅव्हल सेंटरवर, जिथे टिमॅटिकमधली माहिती प्रवाशांनाही पाहता येते. दोन वर्षांपूर्वीचा कुणाचा तरी व्हिडिओ हा पुरावा नाही.

तुमच्या मुलीला लागू नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट सांगते. दहावी न झालेल्या कित्येकांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे देशाबाहेर जाताना तपासणी आवश्यक) असतं. असा पासपोर्ट असलेला माणूस ईसीआर यादीतल्या देशात फिरायला जात असेल, तर परतीचं तिकीट आणि व्हिसा आपलं भारतीय इमिग्रेशनच पाहतं. त्या यादीत आखाती देश आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियाही आहेत, हे ठाऊक नसतं. गावाकडून दहा-बारा जण मिळून बँकॉकला निघतात आणि त्यातला एकच अडकतो, तो अनेकदा यामुळे. नोकरीच्या नावाखाली फसवून नेल्या जाणाऱ्या माणसांना वाचवायला तो नियम आहे, त्यामुळे त्याच्यावर चिडू नये. जायच्या आधी ग्रुपमधल्या प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून पाहावा.

फिलिपिन्सचंही सांगते, कारण आता पुष्कळ जण तिकडे वळलेत. ८ जून २०२५ पासून भारतीयांना १४ दिवस व्हिसाविना जाता येतं, पण परतीचं किंवा पुढचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि पैशाचा पुरावा या अटी त्यांनी स्पष्ट लिहिल्या आहेत आणि ते १४ दिवस वाढवून मिळत नाहीत. सिंगापूरची ९६ तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलतही अशीच अटींची आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा ठरावीक देशांचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला ती मिळते, पण तो तिसऱ्या देशात जात किंवा तिथून येत असला पाहिजे आणि ९६ तासांत निघणारं पक्कं तिकीट हवं. मुंबई–सिंगापूर–मुंबई असा प्रवास त्यात बसत नाही, मग पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असला तरी.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांबद्दल मला हाच प्रश्न नेहमी विचारतात. अमेरिकेच्या कायद्यात परतीच्या तिकिटाची अट आहे ती व्हिसा माफीवर जाणाऱ्यांना, म्हणजे युरोप वगैरे देशांतल्या लोकांना. आपल्या आई-बाबांकडे बी-वन बी-टू, म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा असतो, त्यांना ती अट लागू नाही. तरीही मी त्यांना एकेरी तिकीट काढून देत नाही. तिकडचा अधिकारी किती दिवस राहायचं ते ठरवतो, आणि सत्तरीच्या आजींना 'परत कधी जाणार?' असं इंग्रजीत विचारल्यावर त्यांच्या हातात तारखेसह छापलेला कागद असणं ही मोठी सोय आहे. उलटा प्रवासही ध्यानात ठेवा: तिकडे जन्मलेलं आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) नसलेलं नातवंड भारताच्या ई-व्हिसावर पुण्याला येत असेल, तर परतीचं किंवा पुढचं तिकीट जवळ असावं असं आपलं सरकारही म्हणतं.

आता निघायच्या दिवसाचं. सगळे कागद फोनमध्ये असू द्यात, पण छापील प्रतही घ्या. इंटरनेट नेमकं रांगेत उभं असताना जातं. ऑनलाइन चेक-इन झालं म्हणजे सुटलो असं समजू नका, कागदपत्रं पाहायला पुष्कळदा काउंटरवर बोलावतात. तिथे विचारलं तर थोडक्यात उत्तर द्या आणि पुढचं तिकीट पुढे करा. पूर्ण बेत समजावत बसलात की नवे प्रश्न निघतात. तिकीट बरोबर असूनही कुणी अडवलं, तर आवाज चढवू नका. 'टिमॅटिकमध्ये काय लिहिलंय ते कृपया दाखवा' असं म्हणा आणि ड्युटी मॅनेजरना बोलवायला सांगा. नव्या माणसाकडून 'रिटर्न ऑर ऑनवर्ड' मधला दुसरा भाग वाचायचा राहून जातो, तो मॅनेजर लगेच दुरुस्त करतो.

आणि तीन तास आधी पोहोचा. तिथेच नवं तिकीट काढायची वेळ आली, तर फोनवर ते निघू शकतं, पण परदेशी कंपनीच्या साइटवर आपलं कार्ड पुष्कळदा चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंदच असतात, आपण चालू करावे लागतात. मुलीला ते आदल्या दिवशी बँकेच्या ॲपमध्ये चालू करायला सांगा, मर्यादा पुरेशी ठेवायला सांगा, आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम परदेशात सुरू राहील याची सोय करून द्या.